कलम धरून बोला: सोलापुरात बसून विधेयकावर म्हणणं कसं मांडायचं

सोलापुरात आंदोलनं होतात त्या पूनम गेटसमोर एकदा आम्ही दुपारभर घोषणा दिल्या. ऊन सोलापूरचं, म्हणजे वेगळं सांगायला नको. पाच जणांचं शिष्टमंडळ आत गेलं, निवेदन दिलं, फोटो निघाला, दुसऱ्या दिवशी पेपरात छापूनही आला. मग कुणीतरी विधानमंडळाचं कामकाज उघडून पाहिलं. ज्या विधेयकाला विरोध करायला आम्ही उन्हात उभे होतो, ते दोन दिवसांपूर्वीच दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं. आमच्या निवेदनात कलमाचा क्रमांकसुद्धा नव्हता. ‘सदर जुलमी कायदा रद्द करावा’, बस्स.

त्यानंतर मी विधेयकं वाचायला शिकलो. वकील नाही, कुठल्या पक्षाचाही नाही. चुकत चुकत जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

आधी बघा, प्रश्न विधेयकाचा आहे का

निम्मी मेहनत इथेच वाचते. यंत्रमागाचं वीजबिल वाढलं की लोक आमदाराकडे धावतात, पण वीजदर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि त्यासाठी आयोग स्वतः हरकती मागवतो. नळाचं पाणी रोज येत नाही, हा विषय महापालिकेचा. विडी कामगारांच्या कामाच्या अटी वर्षानुवर्षं १९६६ च्या केंद्रीय कायद्यावर चालत आल्या. मूळ कायदा दिल्लीचा आणि राज्याच्या हाती मुख्यतः नियम, असं असेल तर विधान भवनाला पत्र पाठवून फार काही साधत नाही.

याउलट सहकारी साखर कारखाना किंवा हाउसिंग सोसायटी असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. सातबारा आणि बिगरशेतीसाठी जमीन महसूल संहिता, १९६६. शहराबाहेर गुंठा-दोन गुंठे घेऊन बसलेल्यांसाठी तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा. जुन्या पेठांतल्या भाडेकरूंसाठी भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. आपल्या विद्यापीठासाठी सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. हे सगळे राज्याचे कायदे. यांत बदल करणारं विधेयक आलं तर ते आपल्या अकरा आमदारांच्या टेबलावर येतं.

दिनदर्शिका भिंतीवर लावा

विधानमंडळाची वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पावसाळी जून-जुलैमध्ये, ही दोन्ही मुंबईत. हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला, १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे. विधेयक मांडलं जाणं आणि मंजूर होणं यांत पुष्कळदा चार-पाच दिवसही जात नाहीत. म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर जागं होणं म्हणजे आषाढीला दशमीच्या रात्री दर्शनरांगेत उभं राहण्यासारखं आहे.

आषाढीचं निघालं म्हणून सांगतो. पावसाळी अधिवेशन आणि वारी बहुतेक वर्षी एकाच सुमारास येतात. त्या दिवसांत जिल्ह्यातल्या आमदारांचं लक्ष पालखी मार्ग आणि महापूजेच्या बंदोबस्तात असतं. तेव्हा पावसाळी अधिवेशनाच्या विषयाचं काम मे महिन्यातच उरका. हिवाळी अधिवेशनाचं दिवाळी संपताच हाती घ्या. आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा सगळे लोकप्रतिनिधी शहरातच सापडतात. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी पहिली गाठ घ्यायला त्यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

दोन अधिवेशनांच्या मधे अध्यादेश निघाला तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. अध्यादेश हा कायद्याचाच जोर असलेला हुकूम, पण पुढचं अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याची मुदत संपते. त्याआधी त्याच्या जागी विधेयक आणावं लागतं. म्हणजे काय येणार आहे याचा जवळजवळ पूर्ण मजकूर तुम्हाला आधीच मिळालेला असतो. इतकी सवड एरवी कुणी देत नाही.

मजकूर मिळवा, बातमी नको

विधेयक मांडलं गेलं की विधानमंडळाच्या संकेतस्थळावर आणि शासनाच्या राजपत्रात येतं. त्याला क्रमांक असतो, उदाहरणार्थ ‘सन २०२४ चे विधानसभा विधेयक क्रमांक ३३’. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे प्रत्येक पत्रात, प्रत्येक फोनवर तोच लागतो. नेट जमत नसेल तर आमदारांच्या स्वीय सहायकाला फोन करा. सदस्यांना छापील प्रती मिळतात, आणि त्यांचे न फोडलेले गठ्ठे कार्यालयात असतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मागितलं तर आनंदाने देतात, तेवढीच अडगळ कमी.

मराठीबरोबर इंग्रजी मजकूरही घ्या. आपल्याकडे विधेयक मराठीत असतं, पण संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे राजपत्रात प्रसिद्ध झालेला अधिकृत इंग्रजी अनुवाद हाच प्राधिकृत पाठ धरला जातो. दोन्हींत एखाद्या शब्दाचा फरक दिसला तर तोच तुमच्या सूचनेचा पहिला मुद्दा.

वाचायचं कसं

पहिल्यापासून वाचायला घेऊ नका, झोप येते. शेवटची पानं उघडा. तिथे ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं. सरकारला हा कायदा का हवा, हे तिथे त्यातल्या त्यात माणसाच्या भाषेत लिहिलेलं असतं. त्याच्या जवळपास वित्तीय ज्ञापन, म्हणजे तिजोरीवर किती भार पडणार. आणि आणखी एक ज्ञापन, कुठल्या कलमांखाली नियम करायचा अधिकार शासनाकडे सोपवलाय त्याचं. हे तिसरं फार कमी लोक वाचतात आणि खरा खजिना तिथेच असतो. ज्या गोष्टी विधिमंडळाने ठरवायला हव्यात त्या नंतर मंत्रालयातल्या एखाद्या विभागावर सोडल्या असतील, तर ते इथे उघडं पडतं.

मग व्याख्यांचं कलम. कुणाला कायदा लागू, कुणाला नाही, ते इथे ठरतं. ‘कामगार’ या व्याख्येत मालकाच्या कारखान्यात येणारा माणूस बसतो, पण घरी बसून विड्या वळणारी बाई बसते का? बसत नसेल तर पुढची चाळीस कलमं तिच्यासाठी कोरी आहेत.

त्यानंतर शिक्षेची कलमं, आणि निर्णय घेणारा अधिकारी कोण, त्याच्याविरुद्ध अपील कुठे, किती दिवसांत.

वाचताना हातात पेन्सिल ठेवा आणि काही शब्दांना गोल करा. ‘करील’ आणि ‘करू शकेल’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात अधिकाऱ्यावर बंधन, दुसऱ्यात त्याची मर्जी. ‘विहित’ म्हणजे नियमांत नंतर ठरवलं जाईल असं, आज कोरा चेक. ‘परंतु’ने सुरू होणारं वाक्य वरच्या वाक्याने दिलेलं काढून घेतं किंवा त्याला अट घालतं. ‘त्या त्या वेळी अंमलात असलेल्या इतर कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ असं दिसलं की थांबा, इथे जुना एखादा हक्क मोडीत निघत असू शकतो. माझ्या शेजारच्या निवृत्त मास्तरांना ही पद्धत सांगितली तर म्हणाले, “हे तर व्याकरण झालं.” खरंय.

सुधारणा विधेयक असेल तर आणखी एक काम वाढतं. त्यात नुसतं असतं, ‘मूळ अधिनियमाच्या कलम ८ मधील “तीस दिवस” या मजकुराऐवजी “सात दिवस” हा मजकूर दाखल करण्यात येईल.’ मूळ कायदा समोर नसेल तर हे वाचून काहीच कळत नाही. मूळ कलम वहीत उतरवा, जुने शब्द खोडा, नवे लाल शाईने घाला. हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून हे काम एका दुपारी होतं. हे एक पान हातात असलं की आमदारापासून पत्रकारापर्यंत सगळे ऐकतात, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते केलेलं नसतं.

एक कलम, एक अडचण, एक नवा मजकूर

समजा, घरबसल्या काम करणाऱ्या कामगारांच्या नोंदणीचं विधेयक आलं आणि त्यात असं आहे: ‘प्रत्येक कामगाराने हा अधिनियम अंमलात आल्यापासून तीस दिवसांच्या आत विहित नमुन्यात ऑनलाइन नोंदणी करावी.’ वरवर बघता चांगलंच वाटतं. आता अशोक चौकाकडच्या किंवा कुंभारीच्या वसाहतीतल्या विडी कामगार बायकांना हे वाचून दाखवा, आणि तेलुगूत समजावून सांगा. पद्मशाली वस्तीत मराठी कळतं, पण कायद्याची मराठी तुम्हा-आम्हालाही कळत नाही. मग ऐका. आधारला जोडलेला मोबाइल मुलाकडे, मुलगा पुण्याला. बोटाचा ठसा यंत्र उचलत नाही. तीस दिवसांत तीन वेळा सेतूत जायचं म्हणजे तीन दिवसांच्या विड्या बुडाल्या.

यातून सूचना अशी तयार होते:

‘विधेयक क्रमांक अमुक, कलम ५(१). अडचण: नोंदणीची जबाबदारी पूर्णपणे कामगारावर टाकली आहे आणि केवळ ऑनलाइन मार्ग ठेवला आहे. आमच्या वस्तीतील २० कामगारांपैकी ९ जणींकडे आधारशी जोडलेला स्वतःचा मोबाइल नाही. यादी सोबत जोडली आहे. सुचवलेला मजकूर: “तीस दिवसांच्या” याऐवजी “एकशे ऐंशी दिवसांच्या” आणि “ऑनलाइन” याऐवजी “ऑनलाइन किंवा लेखी अर्जाद्वारे” असा मजकूर दाखल करावा; तसेच पुढील परंतुक जोडावे: “परंतु, नोंदणी झाली नाही एवढ्याच कारणावरून कोणत्याही कामगारास लाभ नाकारला जाणार नाही.”’

आकडे इथे उदाहरणापुरते आहेत. तुमचे तुम्ही मोजा, आणि मोजल्याशिवाय लिहू नका. ‘हजारो महिला’ असं लिहिलं की वाचणारा अधिकारी पुढचं पान उलटतो. वीस घरं मोजलीत तर वीसच लिहा.

सगळं एका पानात बसवा. पाच हजार सह्यांचा गठ्ठा भारी दिसतो, पण कलमाशी जोडलेले दहा अनुभव जास्त कामाला येतात. सह्या घ्यायच्याच असतील तर तेलुगू, कन्नड, उर्दू, ज्या लिपीत येईल तीत घ्या. ‘ही मराठीत नाही’ म्हणून आमच्यातल्याच एकाने एकदा चाळीस सह्या बाजूला काढल्या होत्या. कुणी सांगितलं होतं त्याला, कोण जाणे.

आक्षेपातून कलम कसं घडतं याचा आपल्या जिल्ह्याला जवळचा दाखला जादूटोणाविरोधी कायद्याचा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं ज्यासाठी पाठपुरावा केला, तो कायदा २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांची हत्या झाल्यावर अध्यादेशाने आला आणि डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झाला. त्याआधी कितीतरी वर्षं वारकऱ्यांमध्ये शंका होती, की उद्या वारी आणि कीर्तनच गुन्हा ठरेल का. आज तो कायदा उघडून बघा. यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं स्पष्ट सांगणारं कलम त्यात आहे. कायदा हवा असणाऱ्यांना कायदा मिळाला, शंका असणाऱ्यांना कलम मिळालं.

पाठवायचं कुणाला

जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देण्यात वाईट काही नाही, पोच मिळते, ते पुढे पाठवलंही जातं. पण जिल्हाधिकारी कायदा करत नाहीत, आणि कागद वर पोचेपर्यंत अधिवेशन आटोपलेलं असतं. म्हणून मूळ प्रत थेट पाठवा: विधेयक मांडणाऱ्या खात्याच्या मंत्र्यांना, त्या खात्याच्या सचिवांना, आणि आपल्या आमदाराला. ईमेल आणि पोस्ट दोन्ही. पोस्टाने पाठवलेल्याची पावती चिकटवून ठेवा, हातोहात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.

विधानसभेच्या आमदारापाशी थांबू नका. विधान परिषदेत ७८ जागा आहेत आणि सोलापूरकराला त्यांतल्या निदान तीन ‘आपल्या’ म्हणता येतात: स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मतदारसंघाची (ही २०२२ पासून बराच काळ रिकामी होती), पुणे पदवीधरची आणि पुणे शिक्षकची. शेवटच्या दोन मतदारसंघांत पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर हे जिल्हे येतात. या आमदारांकडे गटार आणि रस्त्याच्या तक्रारी कमी येतात, त्यामुळे विधेयक वाचायला सवड थोडी जास्त असते. मात्र परिषदेच्या ताकदीचा हिशेब नीट ठेवा. साधं विधेयक परिषद काही काळ अडवू शकते, पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केलं तर एक महिना. कायमचं रोखू शकत नाही. धन विधेयक तर चौदा दिवसांत परत करावं लागतं.

आमदाराची भेट

अधिवेशनाच्या दिवसांत आमदार शुक्रवारी रात्री येतात आणि रविवारी रात्रीच्या सिद्धेश्वरने किंवा गाडीने परत जातात. शनिवारची सकाळ धरा. गर्दी असेलच. लग्नपत्रिका, बदलीचे अर्ज, दवाखान्याची बिलं, त्यात तुम्ही विधेयक घेऊन उभे. तिघांपेक्षा जास्त जाऊ नका, आणि ज्यांना त्या कलमाचा फटका बसणार आहे त्यांच्यापैकी एक जण हवाच. बोलणार तीच.

“मालक, या विधेयकाला विरोध करा,” असं म्हणालात तर उत्तर ठरलेलं आहे: “बघू की, पाठवून द्या.” ते खोटं बोलत नाहीत, त्यांचे हात बांधलेले असतात. पक्षाने पक्षादेश (व्हिप) काढला आणि तो मोडून मत दिलं तर संविधानाच्या दहाव्या अनुसूचीखाली, म्हणजे पक्षांतरबंदीखाली, आमदारकी जाऊ शकते. सत्ताधारी आमदाराकडून विरोधी मताची अपेक्षा धरू नका. त्यांना झेपेल ते मागा: “मालक, कलम पाचवर एवढी एक सुधारणा द्या,” किंवा “मंत्र्यांना सभागृहात विचारा, लेखी अर्ज चालेल का, उत्तर कामकाजात नोंदलं जाईल,” किंवा “मंत्र्यांना तुमच्या लेटरहेडवर पत्र द्या.” सरकारने आपणहून आणलेली दुरुस्ती मंजूर होते, विरोधकांची बहुधा पडते, हे गृहीत धरून सत्ताधारी आमदारामार्फत मंत्र्याला गाठणं आणि विरोधी आमदाराकडून सभागृहात प्रश्न उभा करणं, दोन्ही एकाच वेळी करा. दोघांनाही एकच कागद द्या आणि दोघांना तसं सांगा. सोलापूर लहान गाव आहे, लपत नाही.

निघताना स्वीय सहायकाचा व्हॉट्सअॅप नंबर घ्या. साहेबांपेक्षा तोच जास्त उपयोगी.

संयुक्त समितीकडे गेलं तर

विधेयकावर फार वाद झाला तर ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जातं. नागरिकाला अधिकृतपणे बोलायची ही सर्वांत मोठी संधी. संघटनांना बेकायदेशीर ठरवायचा अधिकार सरकारला देणाऱ्या जनसुरक्षा विधेयकाचं उदाहरण घ्या, वर दिलेला क्रमांक ३३ त्याचाच. ते आधी जुलै २०२४ मध्ये मांडलं गेलं होतं, पण मंजूर न होताच विधानसभेची मुदत संपली आणि ते बारगळलं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात नव्याने मांडून संयुक्त समितीकडे पाठवलं. समितीने १ एप्रिल २०२५ पर्यंत लोकांकडून सूचना मागवल्या आणि साडेबारा हजारांहून अधिक आल्या. जुलै २०२५ मध्ये ते दोन्ही सभागृहांत मंजूर झालं.

त्या सूचनांतल्या बऱ्याच जणांची मागणी होती, विधेयकच मागे घ्या. ते झालं नाही. बदललं ते असं: ‘व्यक्ती आणि संघटना’ या सैल उल्लेखाच्या जागी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटना असे शब्द आले, सल्लागार मंडळाची रचना बदलली, तपास उपनिरीक्षकाऐवजी पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. हे पुरेसं नाही असं आक्षेप घेणारे आजही म्हणतात, आणि ‘तशा प्रकारच्या’ या शब्दांत किती माणसं मावतात हा प्रश्न मलाही पडतो. १९३० साली लष्करी कायदा अंगावर घेतलेल्या गावाला असे शब्द वाचताना चार हुतात्मे आठवणारच. पण बदल कुठे झाले ते बघा: व्याख्येत, मंडळात, अधिकाऱ्याच्या दर्जात. म्हणून ‘मागे घ्या’ असं जरूर लिहा, आणि त्याच पत्रात ‘मागे घेणार नसाल तर कलम अमुकमध्ये हा बदल करा’ हेही लिहा. दुसरं वाक्य लिहिलं म्हणजे पहिलं सोडलं असं होत नाही. यावर आमच्यात तासन्‌तास भांडणं झालीत, माझं मत हेच राहिलंय.

समितीला पाठवताना पत्ता ‘सचिव, महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय, विधान भवन, मुंबई ४०००३२’. जाहिरातीत दिलेला ईमेल आणि मुदत तंतोतंत पाळा. प्रत्यक्ष म्हणणं मांडायची इच्छा असेल तर पत्राच्या शेवटच्या ओळीत तसं लिहा. बोलावणं येईलच असं नाही.

मोर्चा कधी

मोर्चा काढूच नये असं मी म्हणत नाही. कागद आधी पोचलेला असावा, म्हणजे मोर्चाच्या दिवशी ‘काय म्हणणं आहे तुमचं’ याला एक पानी उत्तर असतं. पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा, शहरात जमावबंदी आदेश आहे का ते विचारा. पत्रकारांना घोषणांची यादी नको, लाल शाईचं ते पान द्या.

मंजूर झाल्यावर फाइल बांधू नका

दोन्ही सभागृहांनंतर विधेयक राज्यपालांकडे जातं. केंद्रीय कायद्याशी अडणारं असेल तर राष्ट्रपतींच्या संमतीसाठी राखून ठेवलं जाऊ शकतं. महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये इथे मंजूर झालं आणि त्या संमतीपाशीच अडलं.

संमतीनंतर येतात नियम, आणि ‘विहित’ हा शब्द तिथे भरला जातो. मूळ कायद्यात नियम ‘पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून’ करायचे असं लिहिलं असेल, तर मसुदा राजपत्रात छापून हरकती मागवाव्याच लागतात. मुदत मसुद्याच्या खालीच दिलेली असते. कलमातला मजकूर आड येत नसेल, तर विधेयकाच्या वेळी नाकारलेला लेखी अर्जाचा मार्ग इथे नियमात मिळू शकतो, कारण अर्जाच्या नमुन्याचा मसुदा बहुधा खात्यातला एखादा अधिकारी तयार करतो, आणि त्याच्याकडे या विषयावर सोलापुरातून आलेलं पत्र बहुधा एकच असतं. आमच्यातली एक जण आता दर गुरुवारी राजपत्र उघडून बघते. वीस मिनिटं लागतात तिला, विड्यांची तेंदूपानं भिजत घातल्यावर.